सरळ केलेलं स्टिअरिंग

१

फौझानचा ट्रक नक़बच्या उतारावरून खाली गेला तेव्हा सायलच्या नखांतलं ग्रीस अजून निघालं नव्हतं. आदल्या दिवशी दुपारीच त्यानं त्या ट्रकचा मागचा अ‍ॅक्सल बसवून दिला होता. सकाळी फॉस्फेट भरून राकान अक़बा बंदराकडे निघाला आणि घाटात रस्ता सोडून थेट खडकांत गेला. दोन लेकरांचा बाप, चांगला ड्रायव्हर, कधी कुणाला आडवा न गेलेला माणूस. त्याला बाहेर काढलं तेव्हा सगळं संपलं होतं.

जॉर्डनच्या या मआन गावात निकाल लागायला वेळ लागतो थोडाच? काल अ‍ॅक्सल दुरुस्त झाला, आज ट्रक गेला, म्हणजे सायलनं घोळ केला. टायरच्या दुकानात, मशिदीच्या पायरीवर, भाकरीच्या रांगेत, सगळीकडे हेच. ज्यांना स्प्रिंगचा पाटा कुठं असतो आणि त्याला अ‍ॅक्सल आवळून धरणारा यू-बोल्ट कुठं, हे ठाऊक नव्हतं तेही मान हलवून सांगत होते की मागचं चाक वाकडं बसवलं की असंच होतं.

सायलच्या घरच्या वडीलधाऱ्यांनी रीतीप्रमाणे धावत जाऊन मयताच्या घराकडून अतवा घेतला, म्हणजे तहाची मुदत. तोवर सायलनं घराबाहेर पडायचं नाही, मयताच्या माणसांच्या नजरेला पडायचं नाही. मुदत संपली की त्याच्या घरच्यांनी मयताच्या दारी जायचं आणि चूक कबूल करायची किंवा नाकारायची. दोन्ही बाजूंना चालेल असा जामीन हवा होता. सगळ्यांनी हमदानचं नाव घेतलं.

हमदान वाहतूक पोलिसात हवालदार होता. उभी नोकरी याच रस्त्यावर, घसरलेल्या टायरांच्या खुणा मोजण्यात गेलेली. निवृत्त झाला तरी पायाची भिंगरी काही थांबली नव्हती. बायको म्हणायची, या माणसाला जेवतानाही खुर्ची चावते.

मयताच्या बापाची मागणी त्याला ऐकवण्यात आली तेव्हा मात्र तो जागच्या जागी उभा राहिला. म्हाताऱ्याला भरपाईचे दिनार नको होते. त्याला एवढंच हवं होतं की सायलनं दुकानाला कुलूप लावावं, बायकापोरांसकट मआन सोडावं, आणि पुन्हा आयुष्यात कुणाच्या गाडीला हात लावू नये.

हमदान तसाच सायलच्या घरी गेला. पडदे ओढलेले. सायल भिंतीला टेकून बसला होता आणि रिकाम्या हातांनी एक नट आवळायचा, पुन्हा सोडायचा, पुन्हा आवळायचा. समोर नट नव्हताच.

"खरं सांग," हमदान म्हणाला. "तू केलंस का हे?"

सायलनं मान वर केली. "तेच तर कळत नाही, काका. बोल्ट आवळताना फोन आला होता. फोन ठेवून मी शेवटचा फेरा पुन्हा दिला की नाही, तेच आठवत नाही. मी केलं असेल तर मी जातो. पण मला कळू तरी द्या."

२

दुसऱ्या दिवशी उन्हं चढायच्या आत हमदान पोलिसांच्या अंगणात हजर. तिथला पहारेकरी त्याच्या हाताखाली शिकलेला, त्यामुळे फाटक उघडायला काही अडलं नाही. ट्रक एका कुशीवर पडल्यासारखा ठेवलेला होता, केबिन चेपलेली.

पहारेकरी वैतागला होता. अंगणात मांजरांचा सुळसुळाट झालाय, म्हणाला, हाकलून हाकलून हात दुखले. ट्रक आला तशी मेली पुढच्या चाकाखालून हलत नाहीत. रक्ताचा वास लागला असणार. हमदान पुढं गेलाच नाही, तो आधी मागच्या बाजूला गेला.

तिथं फौझान भेटला. मालक. फौझान कसला माणूस आहे हे मआनात सांगावं लागत नाही. विमा हाती पडेपर्यंत तो ट्रकच्या भोवती सुतकात असल्यासारखा फिरणार होता. सायलनं जुनेच यू-बोल्ट चढवले असणार असं त्याचं म्हणणं. हमदाननं वाकून पाहिलं. बोल्ट नवे होते, आणि चारही बाजूंना घट्ट होते. पाना लावून त्यानं जोर केला, खांदा दुखेपर्यंत केला. हलेनात.

"पडताना आवळले गेले असतील," फौझान म्हणाला.

"पडताना बोल्ट सैल होतात, फौझान. आवळले गेलेले मी तरी पाहिले नाहीत. तू पाहिले असशील तर बोलव मला बघायला."

फौझान तरी निघून गेला नाही. हमदान पुढच्या चाकाकडे सरकतोय असं दिसताच तो उगीचच बोलत सुटला: राकान झोपला असेल, ब्रेक तापले असतील, फॉस्फेट जास्त भरलं असेल. एवढी कारणं एका दमात कुणी सांगायला लागला की हमदानला जुनी खाज सुटायची.

त्यानं मांजरं हाकलली आणि पालथं पडून आत पाहिलं. रक्त कुठंच नव्हतं. स्टिअरिंगच्या डब्यापासून पुढच्या चाकाकडे जाणारा जो लांब रॉड असतो, त्याचे दोन्ही तुकडे लोंबत होते. एका बाजूला पोकळ नळी, दुसऱ्या बाजूला तिच्यात फिरवून बसवायचा आटे पाडलेला दांडा.

हा रॉड सुटला की ड्रायव्हर स्टिअरिंग कितीही फिरवो, चाकं त्याचं ऐकत नाहीत. हमदाननं नळीच्या तोंडावरून बोट फिरवलं. नळी फाटली नव्हती, दांडा तुटला नव्हता. दांडा नळीतून निघून आला होता.

३

सायलनं फोनमधले फोटो आधी पाहिलेच नाहीत. त्याला भीती वाटत होती. हमदाननंच फोन त्याच्या हातात कोंबला. अपघाताच्या पंचनाम्याचे फोटो जुन्या साहेबाकडून मिळवले होते: रस्ता सोडल्यावर खडकाआधी थोडी वाळूची पट्टी होती, तिच्यावर चाकांच्या खुणा लख्ख उमटल्या होत्या.

सायल फोटो डोळ्यांजवळ नेऊन बघत राहिला. मग त्यानं फोन खाली ठेवला आणि दोन्ही हातांनी तोंड झाकून घेतलं. हमदानला वाटलं, संपलं.

"सरळ आहे," सायल म्हणाला. "पुढच्या चाकाची खूण बघा. मागे जोडचाकं आहेत, त्यांच्या दोन खुणांच्या बरोबर मधून चाललीय. डावीकडंही तेच, उजवीकडंही तेच. अ‍ॅक्सल वाकडा असता तर मागचा भाग खेकड्यासारखा एका अंगाला सरकला असता. अल्लाची कृपा, माझा अ‍ॅक्सल सरळ होता."

तो रडत होता आणि त्याला त्याची लाज वाटत नव्हती. हमदाननं पाणी दिलं. मग हळूच रॉडची गोष्ट काढली.

सायलचं रडणं थांबलं. पुढच्या भागाला आपण हातच लावला नव्हता, तो म्हणाला. पण एक गोष्ट होती. अ‍ॅक्सल सरळ करून गाडी बाहेर काढली तेव्हा ती नाकासमोर चालत होती, फक्त स्टिअरिंग तिरकं बसत होतं. बराच काळ मागचा अ‍ॅक्सल वाकडा असताना कुणीतरी पुढचा रॉड आखडून, म्हणजे दांडा नळीत आणखी आत फिरवून, स्टिअरिंग सरळ करून दिलं असणार. आता मागचं नीट झालं, म्हणून पुढचं जुनं पाप वर आलं.

"मग तू राकानला काय सांगितलंस?"

"सांगितलं, गाडी चालव, काही होत नाही, स्टिअरिंग तिरकं दिसेल तेवढंच. माल उतरवून आलास की दिरारकडे चाकांचं अलाइनमेंट करून घे. तो हसला. म्हणाला, वाकड्या स्टिअरिंगनं घाट उतरलो तर वाटेतले सगळे ड्रायव्हर टिंगल करतील."

तेही खरंच होतं. नक़बच्या माथ्यावर सगळ्या गाड्या चहाला थांबतात आणि तिथं एकमेकांच्या गाडीला नावं ठेवल्याशिवाय कुणी पुढं जात नाही. हमदाननं तिथल्या चहावाल्याला फोन लावला. त्याला राकान चांगला आठवत होता. चहा पिताना राकाननं त्याला मुद्दाम केबिनजवळ बोलावून स्टिअरिंग दाखवलं होतं. काल तिरकं होतं, बघ आज कसं सरळ झालं, असं म्हणाला होता.

म्हणजे सायलच्या दुकानातून निघाल्यावर आणि घाट यायच्या आधी, त्या रॉडला कुणाचा तरी हात लागला होता.

४

दिरारचं अलाइनमेंटचं दुकान बाजाराच्या टोकाला. हमदान आत शिरला तसा दिरार चक्क पाठ करून टायर मोजायला लागला. अपघाताच्या आदल्या संध्याकाळी दुकान बंद होतं, तो न विचारताच म्हणाला, आम्ही सगळे शोबकला मावसभावाच्या लग्नात होतो, वाटल्यास नवरदेवाला विचारा. हमदाननं खरंच विचारलं. दिरार रात्रभर तिथं नाचत होता, आणि वाईट नाचत होता, अशी साक्ष तीन जणांनी दिली.

मग हा घाबरतोय कशाला? हमदानला काही सुचेना. सायलला फोन केला तर सायलनं एकच विचारलं: दांड्याचं टोक कसं आहे? कारखान्यातून आलेल्या दांड्याचं टोक निमुळतं घासलेलं असतं, आट्यांत सहज शिरावं म्हणून.

हमदान पुन्हा अंगणात. पुन्हा मांजरं. टोक सपाट होतं, आणि त्यावर बारीक आडव्या रेघा होत्या. ब्लेडच्या. त्यानं त्याचा फोटो काढला, परत आला आणि काही न बोलता दिरारच्या नाकासमोर धरला.

दिरार टायरवरच बसला. मग सगळं बाहेर आलं. मागच्या हिवाळ्यात पाट्यांमधला बोल्ट तुटून अ‍ॅक्सल सरकला होता. फौझानला दुरुस्तीसाठी ट्रक उभा करायचा नव्हता. त्यानं दिरारला सांगितलं, मागचं राहू दे, तू फक्त स्टिअरिंग सरळ करून दे. त्यासाठी रॉड इतका आखडावा लागत होता की दांडा नळीत आणखी शिरेना. तेव्हा दिरारनं दांड्याचं टोक करवतीनं कापून टाकलं.

"आखडलेला असताना काही धोका नव्हता, हमदानकाका. भरपूर आटे आत होते. मी मुलांच्या डोक्यावर हात ठेवून सांगतो."

"आणि पुन्हा कुणी लांबवला तर?"

 बाहेरून कळत नाही, दिरार म्हणाला. नळीत किती दांडा उरलाय ते बाहेरून दिसतच नाही. लांबवणाऱ्याला वाटणार, अजून पुष्कळ आहे. आणि आत दोन-तीनच आटे धरून राहिलेले.

"सायलला सांगायचं होतंस. राकानला सांगायचं होतंस. एक शब्द."

"फौझाननं अ‍ॅक्सल सायलकडे दिला हे मला कळलंच नाही हो. कळलं तेव्हा राकानचं प्रेत गावात आणलं होतं." दिरारनं डोळे पुसले. "मी कापला. पण लांबवला मी नाही. मग लांबवला कुणी?"

५

हमदानला आता घरी पाठ टेकवेना. फौझान? तो पाना धरेल तर हात मळतील. राकान स्वतः? चांगला चालवायचा, पण गाडीखाली झोपायचा त्याला कंटाळा, हे सगळ्या मआनला माहीत. रस्त्यावरचा कुणी मिस्त्री? त्या संध्याकाळी अर्धा बाजार शोबकला नाचत होता.

भर दुपारी तो तिसऱ्यांदा अंगणात गेला. एक पिवळी मांजरी रॉडला चिकटून बसली होती आणि डोळे मिटून, मन लावून आटे चाटत होती. हमदान तिला हाकलायला वाकला आणि वाकलेलाच राहिला. ग्रीस चाटणारं मांजर त्यानं जन्मात पाहिलं नव्हतं.

त्यानं आट्यांतून बोट ओढलं. बोटाला पांढरट, थिजलेलं काहीतरी लागलं. त्यानं वास घेतला. मेंढीच्या शेपटीची चरबी.

आजकालच्या कुठल्या दुकानात हे असतं? ग्रीसचे डबे पडलेले असताना कोण चरबी लावतो? पण पूर्वी मदिनेच्या वाटेवर यात्रेकरूंचे ट्रक नेणारे जुने ड्रायव्हर चरबीचा डबा केबिनमध्येच ठेवायचे. त्यातच कांदा परतायचा, तीच भेगाळलेल्या टाचांना लावायची, आणि तीच अडलेल्या आट्यांना. त्यांच्या गाड्यांचे रॉड वेगळे होते, आटे उघडे असायचे, किती उरले ते डोळ्यांना दिसायचं. ते सगळे ड्रायव्हर आता मातीत गेले होते. एकच उरला होता.

राकान त्या संध्याकाळी ट्रक घेऊन मुक्कामाला कुठं गेला असणार, हे विचारायची गरजच नव्हती. सगळे जातात तिथंच गेला. घरी, बापाच्या दारात.

हमदानला आपल्या नाकाचा राग आला. त्यानं बोट मातीत पुसलं, पुन्हा पुसलं. मग तो सायलकडे गेला आणि त्याला सगळं सांगितलं. 

"त्याला ठाऊक आहे?" सायलनं विचारलं.

"काय माहीत. मला वाटतं, त्याला शंका आहे. म्हणून तर तुला गावाबाहेर काढायला निघालाय. तू दिसलास की त्याला तो रॉड दिसणार."

"मग करवतीपर्यंतच सांगा, काका. माझं नाव तेवढ्यानं सुटतं. म्हाताऱ्याचं नाव नका घेऊ."

हमदान येरझाऱ्या घालायला लागला. तो जामीन होता. दोन्ही घरांनी त्याच्या शब्दावर तहाची मुदत सोपवली होती, आणि जामिनानं अर्धं बोलायचं नसतं. पण पुरं बोलायचं तरी कुणाच्या तोंडावर?

६

मुदत संपली त्या दिवशी सायलकडची वडीलधारी मंडळी मयताच्या दारातल्या तंबूत जाऊन बसली. हमदाननं सायललाही आपल्या जबाबदारीवर आणलं होतं. तो शेवटी, चपलांच्या जवळ बसला. मयताचा बाप समोर. त्याला आयुष्यभर सगळ्यांनी अबू राकान, राकानचा बाप, म्हणूनच हाक मारली होती. आता ती हाक कशी मारायची हे कुणालाच कळत नव्हतं, म्हणून सगळे त्याला नुसतं हाजी म्हणत होते.

कॉफी आली. सायलच्या चुलत्यानं कप हातात घेतला आणि रीतीप्रमाणे न पिता समोर ठेवला. म्हाताऱ्यानं प्या म्हटल्याशिवाय ती प्यायची नव्हती.

हमदान उभा राहिला. वाळूतल्या खुणा सांगितल्या, अ‍ॅक्सल सरळ होता हे सांगितलं. मग फौझानचा हुकूम, दिरारची करवत. दिरारच्या घरची माणसं आधीच कळवून आली होती. ती मान खाली घालून म्हणाली की ही चूक आमच्याकडे लिहा. फौझान मागच्या रांगेतून उठायला लागला होता, त्याला दोघांनी खांदे धरून बसवलं. तंबूत एकच कुजबुज उठली. हमदान बोलायचा थांबला. कपाळावरचा घाम पुसला आणि खाली बसायला लागला.

"बसू नकोस," म्हातारा म्हणाला. "रॉड आखडला तो दिरारनं. मग लांबवला कुणी? तो माणूस का गाळलास?"

हमदान पुन्हा ताठ उभा राहिला. "हाजी, ज्यानं लांबवला त्याला कापलेलं टोक दिसणं शक्यच नव्हतं. त्याचा काही दोष नाही."

"मी दोष नाही विचारला. माणूस विचारला."

 म्हाताऱ्यानं आपले दोन्ही हात उलटे-पालटे करून पाहिले.

"मी," तो म्हणाला. "मी केला. पोरगा म्हणाला, बाबा, स्टिअरिंग तिरकं बसतंय. मी म्हटलं, दुकानं बंद आहेत तर काय झालं, तुझा बाप मेला का अजून? मी गाडीखाली शिरलो."

मग त्यानं सगळ्यांवरून नजर नेत चपलांजवळ बसलेल्या सायलला गाठलं आणि त्याला जवळ बोलावलं. सायल गुडघ्यांवर सरकत पुढं आला. जामिनाच्या पाठीआड लपायची सोय आता राहिली नव्हती.

"तू मिस्त्री आहेस. इथं जो येतो तो मला म्हणतो, हाजी, नशिबात होतं. तू तसलं बोलू नकोस. मी हात लावला नसता, स्टिअरिंग तिरकंच राहिलं असतं, तर माझा राकान घाट उतरला असता?"

सायलनं हमदानकडे पाहिलं. हमदाननं नजर वळवली. एक खोटा शब्द, आणि म्हातारा कदाचित झोपला असता. पण आपण स्वतः त्या बंद खोलीत कशासाठी तडफडलो ते सायल विसरला नव्हता.

"उतरला असता, काका," तो म्हणाला. "माथ्यावर चार जणांनी टिंगल केली असती. पण उतरला असता."

तंबूतलं कुणीतरी सायलवर ओरडलं. म्हाताऱ्यानं हात वर करून त्याला गप्प केलं. समोरचा कप उचलून त्यानं तो सायलच्या हातात दिला आणि त्याची बोटं कपाभोवती आपल्या बोटांनी मिटली.

"पी. दुकान उघड उद्या," तो म्हणाला. त्यानं सायलचा हात सोडला नाही. मग तंबूत फक्त सायललाच ऐकू जाईल इतक्या हळू म्हणाला, "मी त्याला म्हणालो होतो रे, जा आता बिनघोर, सरळ झालंय."